महिन्यात दोनदा कावळा

"दिवस गेलेत तुम्हाला," असं बाईडॉक्टर म्हणाल्या आणि मी एवढ्या मोठ्यानं हसले, की नगरच्या त्या दवाखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट सुप्याला जाऊन बसली. हसू ओसरलं तेव्हा कळलं, मी रडत होते.

दिवस राहू नयेत म्हणून तर मी त्यांच्याचकडच्या गोळ्या खात होते. आणि राहू नयेत यामागे कारण होतं.

पहिली मुलगी, नंदा, झाली आणि आठवडाभरात माझी झोप गेली. गावात म्हणाले, बाहेरचं लागलंय. नेवाशापासून पार नदीपलीकडचे देवऋषी येऊन गेले. एकाच्या धुरीनं तर शेजारची म्हैस आटली. एरवी मी एका वाक्यात तीन थापा बसवणारी बाई, ती मुकी झाले. अंगणातला आड मला नावानं हाक मारतो असं वाटायचं. एका दुपारी नंदाला घेऊन मी त्याच्या काठावर उभी होते. आमच्या ह्यांनी मागून धरलं. हे मी वाढवून सांगत नाही. यात वाढवायला जागाच नाही.

नगरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला 'पोस्टपार्टम सायकोसिस' म्हटलं, म्हणजे बाळंतपणानंतर डोकं फिरणं. म्हणाले, "बऱ्या व्हाल. पण पुन्हा बाळंतपण आलं तर हे पुन्हा होऊ शकतं." इतर औषधं हळूहळू सुटली, एक गोळी राहिली, 'फिनोबार्बिटोन'. जिवाची तडतड शांत करणारी, झोप आणणारी गोळी.

मग ह्यांना सांगून, पण घरात चोरून, मी बाईडॉक्टरांकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणल्या. त्यांना डोक्याच्या गोळीचं बोलले नाही. वेडी म्हणतील ही भीती. मेंदूच्या डॉक्टरांना पाळण्याचं बोलले नाही. परक्या पुरुषाला ते काय सांगायचं? पाकीट तिळाच्या डब्यात लपवलं. संक्रांतीशिवाय त्या डब्याकडे कोण बघतंय!

दुसऱ्याच महिन्यात नको तेव्हा डाग दिसू लागले. आमच्या घरी कावळा शिवला की बाई बाहेर पडवीत, स्वयंपाकघरात पाय नाही. मी बसले बाहेर. पंधरवड्यानं पुन्हा बसले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यातून म्हणाल्या, "म्हैन्यात दोनदा कावळा कसा शिवतो गं तुला? गावातले समदे कावळे तुझ्याच मागं हाईत व्हय?"

"मी काय बोलावते का त्यांना, आत्याबाई?"

"तुझं काय सांगावं, जेवायलाबी बसवशील!"

पण माउलीनं माझी झोपेची गोळी एक दिवस चुकवली नाही. रोज संध्याकाळी वरून माझ्या ओंजळीत टाकायची, स्पर्श न करता. तिळाचा डबा मात्र आतच. तो मागायचा कुठल्या तोंडानं? त्या गोळ्या राहून जायच्या. आत गेले की पुन्हा सुरू करायची, आणि पुन्हा डाग.

हे सगळं मी बाईडॉक्टरांपुढे त्या दिवशी ओकले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ह्याला 'ब्रेकथ्रू ब्लीडिंग' म्हणतात. ही पाळी नव्हे. गोळीचा जोर कमी पडला की मध्येच असा स्राव होतो. फिनोबार्बिटोननं लिव्हर, म्हणजे यकृत, जादा कामाला लागतं आणि पाळण्याचं औषध लवकर संपवून टाकतं. आम्हालाही हे आता आता कळतंय. त्यात तुमचे नागे पडले."

म्हणजे एका गोळीनं दुसरी मारली, मेलेलीनं डाग पाडले, आणि डागांनी मला डब्यापासून लांब बसवलं. एवढं कारस्थान आमच्या ग्रामपंचायतीलाही जमलं नसतं!

"चूक माझीच," मी म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "ती गोळी आज एकदम बंद करू नका, झटके येतील. ती मेंदूचे डॉक्टर कमी करतील. आणि नवा कायदा झालाय. तुमच्या मनाला धोका असेल, तर गर्भ काढता येतो. विचार करा."

विचार केला. रोज आडाकडे पाठ करून भांडी घासत केला. घरात सांगावंच लागलं. आत्याबाई आधी खवळल्या. "पोरगा असंल तर?"

"असेलही," मी म्हणाले. "त्याला घेऊन मी कुठं उभी राहीन, ते सांगा."

संध्याकाळी त्या नंदाला काखेला मारून म्हणाल्या, "जा. हिला मी बघते."

गर्भ काढला. सोपं नव्हतं, ज्यांना सोपं वाटतं त्यांच्याशी मला बोलायचं नाही. वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि कान आडाच्या हाकेकडे लावले होते. आली नाही. त्याऐवजी शेजारच्या खाटेवरची श्रीगोंद्याकडची पोरगी नर्सला कुजबुजत विचारत होती, "शिस्टर, झटक्याची गोळी चालूय माझी. पाळण्याच्याबी घेतेय, चालतील न्हवं? मदीच डाग पडत्यात."

"चालतील, चालतील," नर्स घाईत पुढे गेली.

मी उठून बसले. पोटात कळ आली तरी ओरडले, "बाईडॉक्टर! इकडं या! ही पण दोन्ही खातीय हो!"

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. पोरीनं तोंडावर पदर ओढला. "गप बसा की वो मावशी, सासू हाय भाईर!"

"असू दे. तिलाही बोलव आत."

बाईडॉक्टर धावत आल्या, त्या पोरीच्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या गोळ्या सांग बघू, एकूण एक." ती माझ्याकडे खाऊ की गिळू बघत होती. बघत बघतच सांगू लागली.