उजव्या हाताची शीर

नव्वदच्या दशकात मी पुण्यात रक्ताच्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ संशोधक होते. नमुने आणायला मी जुन्नरला जायची, पेटीतला बर्फ आणि परतीची एसटी आधी पक्की करून. तिथल्या दवाखान्यात ती एकदाच भेटली. डोंगरावरच्या घाटघरहून उतरलेली, चाळिशीची, पदर कमरेला घट्ट खोचलेली. तिच्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग होता. तिच्या पेशी त्याच्याशी जुळल्या, तरच तिचा बोन मॅरो त्याला देता येणार होता.

तिच्या डाव्या हाताची शीर ठळक दिसत होती. मी तो हात धरला, तसा तिने सोडवून घेतला आणि उजवा पुढे केला.

“अहो, इकडची शीर सापडत नाही,” मी म्हणाले.

“शोधा की म्याडम. डाव्या हातानं कुनी भावाला देतं व्हय?”

रक्त दोन्ही हातांत सारखंच असतं. तरी मी पट्टा उजव्या दंडाला बांधला. दोनदा सुई फुकट गेली. ती हलली नाही. तिसऱ्यांदा नळी भरली.

“सख्ख्या भावंडांचंही जुळेलच असं नसतं,” मी सांगून ठेवलं.

“जुळंल. लहानपनापास्नं लई भांडलोय आमी. परक्याशी कोन एवढं भांडतं?”

काही दिवसांनी अहवाल आला. जुळलं होतं. कागद घेऊन मी तिच्या भावाच्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. दाराशी लक्षात आलं, तो माझ्या डाव्या हातात होता. मी हात बदलला आणि मग दार ढकललं.