दगडूदादाचा कोस

संध्याकाळी शेळ्या एकट्याच परतल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं... मी मात्र चिडलो. बसला असेल कुणाशी वाद घालत, म्हटलं. अर्ध्या तासाने माणसं दगडूदादाला माळावरच्या लिंबाखालून उचलूनच घेऊन आली. छातीत कळ आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना होईल.

दगडूदादा माझा चुलतभाऊ. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात त्याने जन्मभर शेळ्या राखल्या, मी शाळेत मराठी शिकवलं. चूक माझीच. निवृत्तीनंतर एकदा ओट्यावर बसून मी त्याला सांगितलं, की ‘कोस’ हा शब्द संस्कृतातल्या ‘क्रोश’वरून आला. क्रोश म्हणजे आरोळी. आरोळी ऐकू जाईल तेवढं अंतर, तो कोस. शाळेत हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. दादाने घेतलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दुसऱ्या दिवसापासून माळावरून सुरू, “मास्तऽऽर!” मी ओ देईपर्यंत थांबायचं नाव नाही. मग दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा. मी जेवत असो, आंघोळीला असो, घरात पाहुणे असोत. वैतागून एकदा सांगितलं, कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर, पुस्तकात लिहिलंय, विषय संपला.

“पुस्तकाला कान हायत का बे? वारं फिरलं की कोस लांबतो. अन् ऐकणाराच न्हाई, तर कोस कशाचा?”

त्याची छाती अधूनमधून दुखायची म्हणून मी मोबाइल घेऊन दिला. तो त्याने खुंटीला टांगला. “कावून पायजे हे डबडं? हाक हाय, तू हायस.” अशा हट्टापुढे कोण काय करणार!

त्या दिवशी अकराच्या सुमारास हाक आली. मी पेपर वाचत होतो. आवाज बारीक वाटला, पण म्हटलं, आणखी पुढे सरकला असेल. जागचा न उठता ओरडलो, “ऐकलं! झाला तुझा कोस!” पुन्हा हाक आली नाही. मला बरंच वाटलं...

मोबाइल अजून खुंटीलाच आहे. मी तो चार्ज करतो. का, ते विचारू नका. अकरा वाजले की गच्चीवर जातो आणि बायको नको नको म्हणत असताना माळाकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडतो, “दादाऽऽ!” इतकी वर्षं मला ओ द्यायला लावली, आणि आता माझी पाळी आली तर हा गप्प.