डिकीतलं पाणी कुणाचं

गाडी घेतली ती मुळात आईसाठी. आई मासळी विकते. गोराईच्या बाजूला आमचं गाव. तिथून ती सकाळी फेरीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात येते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर जेट्टीपासून बाजारापर्यंत रिक्षाशिवाय जमेना, आणि मासळीची पेटी दिसली की रिक्षावाले मान वळवून पुढे जायचे. आज पाच गेल्या, असं ती एकदा सहज सांगून गेली. मला ते दिवसभर टोचत राहिलं. मी आणि नवरा बोरिवलीतच राहतो, माझं ऑफिस गोरेगावला. म्हटलं, जाता जाता आईला सोडू. गणपती झाल्यावर आम्ही चौदा वर्षं जुनी, चंदेरी रंगाची, छोटी गाडी घेतली.

पहिला महिना बरा गेला. आई पुढे बसायची, मासळीची थर्माकोलची पेटी मागे डिकीत. मग ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला आणि एका सकाळी, आईला सोडून पुढे निघाल्यावर, लिंक रोडवर टायर पंक्चर झाला. मी डिकी उघडली, तळाची फळी उचलली, आणि बघतच राहिले. स्टेपनी चार बोटं पाण्यात बसली होती. जॅक गंजलेला. पाणी काळपट, त्यावर तवंग. मी ऑफिसच्या कपड्यांत, मीटिंगला वीस मिनिटं उरलेली. पंक्चरवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, इसमें तो मछली पाल सकते हो."

पाणी कुठून आलं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. डिकीत बर्फाची पेटी असते, बर्फ वितळतो, पाणी झिरपतं. यात शोधायचं काय?

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर मी आईला म्हटलं, "आई, तुझी पेटी गळते."

"माझी पेटी गळत नाय."

"अगं, डिकीत बादलीभर पाणी होतं!"

"मग दुसऱ्या कशाचं असेल. पेटीचं नाय. मी चाळीस वर्षं बर्फ भरतेय, मला ठाऊक नाय काय?"

मी ऐकलं नाही. एक मोठं प्लास्टिकचं घमेलं आणलं, जाड प्लास्टिकचा कागद आणला. आईने वाद घातला नाही. त्यानंतर ती रोज सकाळी जेट्टीवर, माझ्यासमोर, पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, मग वरून दोरी. इतकं सावकाश की मला घड्याळ बघावं लागायचं. मला उशीर होतोय हे तिला कळत होतं. म्हणूनच ती सावकाश बांधत होती, हे मला आता कळतं.

आणि पाणी थांबलं! नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, डिकी कोरडी ठणठणीत. मी मोठ्या समाधानाने तिला सांगितलं, "बघ, प्लास्टिक लावल्यापासून एक थेंब नाही."

ती म्हणाली, "बरं."

थंडीत पाऊस नसतो, हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. वास मात्र गेला नव्हता. कुबट, ओल्या गोणपाटासारखा. ऑफिसातली एक मैत्रीण कधीकधी माझ्याबरोबर परत यायची. तिने हळूहळू कारणं द्यायला सुरुवात केली आणि मग यायचीच बंद झाली. त्याचाही राग मी मनातल्या मनात पेटीवर काढला.

जून आला. बोटी किनाऱ्याला लागल्या, मासेमारी बंद झाली. हे दोन महिने आई सुकी मासळी विकते, म्हणजे बोंबील, सोडे, जवळा. बर्फ नाही, पेटी नाही, नुसती गोणी. महिन्याच्या शेवटी दोन दिवस असा पाऊस कोसळला की बाजार लवकर उठला. उरलेला माल परत कशाला न्यायचा, म्हणून आईने गोणी माझ्या डिकीतच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारापाशी मी डिकी उघडली आणि दोघी तशाच उभ्या राहिलो. फळीवर पाणी चढलं होतं. गोणी खालून भिजून फुगली होती. सोडे गोळा झाले होते. बोंबील, जे महिनोन्महिने टिकायचे, ते मऊ पडून एकमेकांना चिकटले होते.

आईने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आता सांग. बोटी बंद हायत. बर्फ नाय. हे बोंबील काय स्वतः पोहून आले?"

मी म्हणाले, "आधीचं मुरलेलं असेल कदाचित." आयुष्यात मी इतकं मूर्ख वाक्य क्वचितच बोलले असेन.

आईने खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि सरळ जिभेला लावलं.

"आई! शी, काय करतेस!"

"पावसाचं हाय," ती म्हणाली. "पावसाचं नि गंजाचं. मासळीचं पाणी मला शिकवू नको." आणि ती गोणी ओढायला लागली. मी मदतीला गेले तर तिने माझा हात बाजूला केला.

त्या दिवसापासून माझी खरी वाट लागली. गाडी गळते हे कळलं, पण कुठून ते कुणालाच सांगता येईना. ऑफिसजवळच्या गॅरेजवाल्याने बघितल्यासारखं केलं आणि मागच्या काचेभोवती सिलिकॉनची पांढरी जाड रेघ ओढली. वाढदिवसाच्या केकवर क्रीम असावं तशी. पुढच्या पावसात पाणी पहिल्यापेक्षा जास्त आलं. काचेच्या कडेला पाणी वाहून जायची जी पन्हळ असते, तीच त्याने बुजवून टाकली होती. मी गाडी परत नेली. या वेळी आई मुद्दाम बरोबर आली होती, शेजारी बसून. गॅरेजवाल्याने नाक फुगवून आतला वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, आप मच्छी ले जाते हो ना? बर्फ का पानी है."

आई गुडघा सांभाळत उतरली. "जुलैमध्ये बर्फात घालायला ताजी मासळी तू देतोस काय रे?" तिने मराठीतच विचारलं. त्याला कळलं असावं, कारण तो सरळ दुसऱ्या गाडीखाली शिरला. मला हसू यायला हवं होतं. पण तो जे बोलला तेच मी नऊ महिने बोलत होते. माझी मान खाली गेली.

मग नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. तो मोबाईलवर व्हिडिओ बघतो आणि त्याला सगळं येतं. "यार, एकदम सोपं आहे," तो म्हणाला. "पावडर टाकायची. पाणी जिथून वाहील तिथे रेघ उमटेल." त्याने डिकीत अख्खा डबा टाल्कम पावडर उधळली. जुलैच्या दमट हवेत तिचं तासाभरात पीठ मळल्यासारखं झालं. रेघ एक नाही, सहा उमटल्या, सगळ्या दिशांनी. मी ऑफिसला पोचले तर काळ्या पँटवर पांढरे पंजे. वर कुबट वासात आता पावडरचा वास मिसळला होता.

रविवारी आई आमच्याकडे आली होती. पाऊस थांबला होता. ती म्हणाली, "आत कुणीतरी बसा, बाहेरून कुणीतरी पाणी ओता. होडीचं पाणी असंच शोधतात. माझे वडील मला होडीत बसवायचे."

आत बसायला मीच उरले. नवरा डिकीत मावत नव्हता आणि आईचा गुडघा दुमडत नव्हता. मागची सीट पाडली, तळाची फळी काढली आणि मी स्टेपनीच्या खड्ड्याशेजारी, पाय पोटाशी घेऊन, मोबाईलचा टॉर्च धरून आडवी झाले. नवऱ्याने डिकी बंद केली. बिल्डिंगच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आई हुकूम सोडत होती.

"वरून नको ओतू! वरून ओतलंस तर सगळीकडून येईल, कळणार कसं? खालून चालू कर. बंपर. मग दिवा. मग काच. छप्पर शेवटी."

नवरा बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन खालून ओतू लागला. काचेतून त्याचा आवाज यायचा, "आलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही रे! आणि लवकर कर, इथे जीव गुदमरतोय!"

तेवढ्यात तिसरा आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी. "काय हो, कॉमन नळाच्या पाण्याने गाडी धुवायची नाही. बोर्ड लावलाय ना?"

"धुवत नाहीये, गळती शोधतोय."

"मग गॅरेजला न्या."

"नेली होती!" मी आतून ओरडले.

सेक्रेटरींनी हळू आवाजात विचारलं, "आत कोण आहे?"

"बायको," नवरा म्हणाला.

ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी डाव्या दिव्याच्या मागून, पत्र्याच्या कडेने, एक थेंब सरकत आला. थांबला. मग दुसरा. मग चांगली धारच लागली आणि माझ्या कोपरावर पडली. "आलं! आलं! डावा दिवा! थांबव!" मी इतकी ओरडले की आई खुर्चीवरून उठून उभी राहिली.

दिवा काढायला दोनच नट होते. त्याच्यामागे पाणी अडवणारी फोमची पट्टी असते. नवऱ्याने बोट लावलं तर तिचा चुरा खाली पडला. उजव्या दिव्याचीही तीच गत. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या पट्ट्या आणल्या, वरून काळी चिकट डांबरासारखी टेप बसवली, दिवे आवळले. नवरा दोन दिवस असा वागत होता जणू त्याने बोट बांधली.

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. चौथ्या दिवशी मी फळी उचलली. कपभर पाणी.

मी तिथेच, पार्किंगमध्ये, डिकीचं दार इतक्या जोरात आपटलं की वॉचमन धावत आला. गाडी विकून टाकू, भंगारात देऊ, असं मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आधी बादलीभर होतं, आता कपभर आहे." मला त्या क्षणी त्याच्या तोंडून गणित ऐकायचं नव्हतं. मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी आत, नवरा बाहेर, आई खुर्चीवर. सेक्रेटरी या वेळी बाल्कनीतून बघत होते. दिवे कोरडे राहिले. काच कोरडी राहिली. छपरावर पाणी ओतलं आणि माझ्या डोक्यावरच्या अस्तराला ओला डाग पडला, डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी. आईने नवऱ्याला बाजूला केलं. छपराच्या दोन्ही कडांना काळ्या रबराची पट्टी असते, ती तिने टोकाकडून उचलली आणि खालच्या पत्र्याच्या जोडावरून अंगठ्याचं नख दाबत दाबत फिरवलं, कोळंबी सोलताना फिरवते तसं. एका जागी नख अडकलं.

"ही बघ."

मला दिसेना. चष्मा लावून, टॉर्च मारून पाहिलं तेव्हा केसाएवढी चीर दिसली. तिथला मूळचा लेप उन्हाने तडकला होता. एवढ्याशा चिरेने मला नऊ महिने नाचवलं होतं.

आई म्हणाली, "आधी जुनं खरवड. ओल्यावर लेप लावलास तर धरत नाय." मग मी वरच्या मजल्यावरून वायर सोडून हेअर ड्रायर आणला, आणि आम्ही गाडीचं छप्पर वाळवत बसलो. येणारेजाणारे थांबून बघत होते. नवऱ्याने जुना लेप पात्याने काढला, त्या गॅरेजवाल्याचं सिलिकॉनही तासून काढलं. नवा लेप आईने स्वतः बोटाने भरला. एका दमात, हात न उचलता. गाडी शेडखाली लावून दोन दिवस हलवायची नाही, असं बजावून ती गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात पाऊस धो धो पडला. मी रोज सकाळी फळी उचलून खड्ड्यात टिश्यू पेपर फिरवायचे. कोरडा. पुन्हा कोरडा. माझा विश्वासच बसेना. वास काढायला डिकीच्या तळाला चिकटवलेला जाड कापडी नमदा उचकटून गच्चीवर वाळत टाकला, तर सेक्रेटरींचा फोन आला की गच्चीवर घाण वास येतोय. तो नमदा मी शेवटी फेकूनच दिला.

आईची माफी मी कधी नीट शब्दांत मागितली नाही. दोनदा सुरुवात केली. एकदा फेरी सुटत होती, एकदा तिनेच विषय बदलून रात्री जवळ्याचं काय करू विचारलं. मला वाटलं, संपलं, ती विसरली.

ऑगस्टात बोटी सुटल्यावर मी एकदा तिची पेटी उचलून बाजारात आत नेली. तिच्या शेजारी बसणारी म्हातारी कोळीण मला डोक्यापासून पायापर्यंत बघत म्हणाली, "तूच ना ती? आयशीच्या पेटीवर आळ घेणारी?" पलीकडच्या दोघी हसल्या. त्यांच्या पलीकडचीही हसली. मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून सुरमईचे तुकडे करत होती, आणि तिचे खांदे हलत होते.