माझ्या माणसासाठी कोण मेलं?

नवरा जाऊन तीनच दिवस झाले होते आणि माझ्या ओसरीवर पाळकसाहेब आणि मिशनशाळेचे मास्तर वाद घालत बसले होते. माझा नवरा लोणावळा स्टेशनात रूळ बदलणारा सांधेवाला होता, मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. दर रविवारी देवळात शेवटच्या बाकावर बसायचा, पण बाप्तिस्मा ‘पुढच्या नाताळाला’ म्हणता म्हणता राहून गेला.

“ख्रिस्तानं रक्त सांडलं ते देवानं आधीच निवडलेल्यांसाठी,” पाळकसाहेब म्हणाले. “सर्व जगासाठी,” मास्तर म्हणाले. मग बायबलातल्या वचनावर वचन. मध्येच पाळकसाहेबांनी माझ्याकडे हात केला, “आता उदाहरणार्थ, हिचाच नवरा घ्या.”

“उठा,” मी म्हणाले. “दोघंही उठा माझ्या दारातून.”

मास्तर माझ्या बाजूनं बोलत होते, हे मला कळत होतं. तरी त्यांचाही तितकाच राग आला. त्यांनाही वादच जिंकायचा होता.

मी मिशनची बायबलबाई. आंदर मावळातल्या वाड्या पायी फिरून येशूची गोष्ट सांगायची आणि तापाच्या गोळ्या वाटायच्या. त्या दिवसापासून नुसत्या गोळ्या वाटू लागले. प्रार्थनेला बसलं की दात आवळले जायचे. ‘कुणाकुणासाठी मेलास, ते एकदाचं सांगून टाक,’ एवढंच मी देवाला म्हणे, तेही भांडल्यासारखं.

टाकवे गावात एक म्हातारी अंथरुणाला खिळली होती. गोळी गिळून तिनं माझा हात धरला.

“बाई, आज गोष्ट न्हाई?”

“नाही, आजी.”

“मंग येवडंच सांगा. त्यो तुमचा येशू माज्यासाठी बी मेला, का तुमच्याच लोकांसाठी?”

अंगाचा भडका उडाला. इथंही तेच! पण तिच्या तोंडाकडे बघून ‘कोण जाणे’ म्हणायला जीभ वळेना. “तुमच्यासाठी,” मी जवळजवळ खेकसलेच.

“मंग आमच्या म्हाताऱ्यासाठी बी आसंल. त्यो आदीच गेला. त्याला कुनी सांगितलंच न्हाई.”

मी शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर बसून ढसाढसा रडले. म्हातारी पदरानं माझं तोंड पुसत राहिली.

पुढच्या रविवारी मी देवळात प्रभुभोजनाची भाकर घ्यायला गेले. पाळकसाहेबांवरचा राग गेला नव्हता. आजही पुरता गेलेला नाही, आणि गेल्याचं सोंग मी प्रभूपुढे करत नाही. पण माझा माणूस मी प्रभूच्या हवाली केला. शिकवायला म्हणून मी ज्या घरी गेले, तिथंच त्यानं मला शिकवलं, हे त्याचे उपकार.

म्हातारी पंधरवड्यात गेली. ती निवडलेल्यांतली होती का, हे मी कुणालाही विचारलं नाही.