वळणावरच्या उपटलेल्या खुंट्या

ती केस माझ्या नोकरीतली सर्वांत लहान. ना खून, ना दरोडा. तरी निवृत्तीनंतर मनात घोळते ती तीच, कारण तिच्यात मी एका खऱ्या माणसाला खोटे ठरवले आणि हे कित्येक वर्षे कुणालाही सांगितले नाही.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. गाव भोर तालुक्यातले शिवरे, पण नेमणूक तालुक्याबाहेर, लोहमार्गावरच्या एका लहान चौकीत. तिथून पुढे घाटात एक वळण होते. त्या वळणावर रुळांखालची खडी दर पावसाळ्यानंतर कमी भरायची. रेल्वेवाले पुन्हा टाकायचे, ती पुन्हा कमी. शेवटी चोरीचा अर्ज आमच्याकडे आला आणि वरून फोन सुरू झाले. महिनाभर गस्त घातली. टेम्पोच्या चाकाचा माग नाही की कुणाचे पाऊल नाही.

मग खबर मिळाली. वळणाजवळ शेळ्या राखणारे एक आजोबा चौकीत आले. म्हणाले, "रुळाचं काम करनाऱ्या गँगमधला येक जण सुट्टीच्या दिशी येतो. रुळाच्या कडंला खुंट्या ठोकतो अन् दगडं रंगवतो. आता बैल रंगवल्यालं बघितल्यात, दगडं कोण रंगवतं?"

पुढच्याच रविवारी आम्ही त्याला पकडले. वेल्ह्यातल्या पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा माणूस. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत कामाला. हातात मोजपट्टी आणि पिवळ्या रंगाचा डबा. त्याला हवालदाराबरोबर पुढे पाठवले आणि मी जागेचा पंचनामा करायला थांबलो. उतारावर खुंट्यांची सरळ रांग होती, प्रत्येकीवर आकडा. पुरावा उघड्यावर सोडायचा नाही, ही आमची सवय. मी शिपायाकडून सगळ्या खुंट्या उपटून घेतल्या, रंगवलेले दगड वेचले, पोत्यात भरून लाखेचे सील केले. फोटो नाही, मोजमाप नाही. पाऊण तासात काम उरकले म्हणून मी खूशही होतो.

चौकीत विचारले, "खडी कोण नेतं?"

"कुणी न्हाई साहेब. ती सवता सरकतीया."

हवालदार म्हणाला, "पाय फुटले व्हय रं खडीला? मग बेड्या तिलाच घालू."

"हसू नका, दादा. गाडी गेली की सगळं थरथरतं. वळणावर भार भायेरच्या अंगाला येतो. खडी जरा जरा खाली उतरती, नाल्याकडं. रूळ बी तिच्या मागं सरकत्यात. दोन पावसाळं मोजतोय म्या. मुकादमाला सांगितलं तर म्हणला, लई इंजिनेर झालास."

मी त्याच्या कानाखाली मारली. महिनाभर वरिष्ठांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि हा एक साधा गँगमन ते घेऊन बसला होता, याचाच राग असावा. त्याने गालाला हात लावला नाही. नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर होती.

"साहेब, खुंट्या उपटल्या?"

"मग काय, पुजायच्या होत्या?"

"समद्या?"

"सगळ्या."

तो न सांगताच खाली फरशीवर बसला.

दुसऱ्या दिवशी पालीला झडती घेतली. त्याच्या बायकोने शाळेची एक वही पुढे टाकली. "एवढंच हाय बगा. सुट्टीला मानसं घरी येत्यात, आमचं मालक दगडांपाशी जात्यात." वहीत तारीखवार नोंदी होत्या: कोणत्या खुंटीपासून कोणता दगड किती सूत खाली गेला.

वही घेऊन मी रेल्वेच्या इंजिनीअरांना वळणावर नेले. नाल्याकडचे गवत बाजूला करून खणले, तर मातीखाली खडीचा थर लागला. त्यात पिवळ्या रंगाचे दगडही होते. चोरी झालीच नव्हती. पण इंजिनीअर म्हणाले, "दगड आपोआप आले, की यानेच खुंट्या ठोकताना लोटले? खुंट्या वहीशी ताडून पाहू. कुठे आहेत?"

"मुद्देमालात," मी म्हणालो.

जागा न मोजताच खुंट्या उपटल्या हे उघडे पडेल म्हणून मी घाबरलो. दुपारी पंचनामा नव्याने लिहिला: खुंट्या सैल व अस्ताव्यस्त पडलेल्या मिळून आल्या. पंच म्हणून बोलावलेल्या चहावाल्यांनी न वाचता सह्या केल्या. त्या गँगमनचीही सही घेतली.

गुन्हा दाखल झाला नाही. पण खात्याच्या चौकशीत माझाच पंचनामा वाचला गेला. खुंट्या पडलेल्या, म्हणजे नोंदी मागाहून रचलेल्या, रुळांशी छेडछाड केलेली. त्याला कामावरून काढले. पुढे त्याच वळणावर रेल्वेने स्वतः खुणा रोवून मोजले, खडी सरकते हे मान्य केले आणि खाली भिंत बांधली. त्याच्या नावापुढचा छेडछाडीचा शेरा मात्र तसाच राहिला.

मुदतीआधीच निवृत्ती घेतली. शिवऱ्यात मी एकटा राहतो. दिवसभर बोलायला कुणी नसले की माणूस स्वतःचाच जबाब घेऊ लागतो. गेल्या हिवाळ्यात पालीला गेलो. तो शेताचा बांध घालत होता.

"बसा साहेब," म्हणाला. लगेच ओळखले त्याने.

"तो पंचनामा खोटा होता," मी म्हणालो.

"म्हाईतीय. सही करताना वाचला व्हता म्या."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलायचं? लिवून घेणारं तुमीच व्हता."

मी म्हणालो, रेल्वेला खरे लिहून देतो. त्याने घरातून कागद आणवला. खुंट्या जमिनीत पक्क्या रोवलेल्या होत्या, असे मी लिहिले. तो शेजारी बसून वाचत होता.

"कुठली खुंटी कुठं व्हती, ते बी लिवा. वही अजून हाय माज्याकडं. मंग ताडून बघतील."

पेन कागदावर टेकवून मी बसून राहिलो. पाऊण तास मी त्या रांगेसमोर उभा होतो आणि मला एकाही खुंटीची जागा सांगता येईना. नोकरीभर मी वस्तू आधी उचलली आणि मग पाहिली. माणसांच्या बाबतीतही तेच केले. हे मला त्या केसने शिकवले, पण ते माझ्या उपयोगाचे राहिले नाही, त्याच्या तर नाहीच. शेवटी लिहिले: जागा न नोंदवता मी त्या उपटल्या, आता सांगता येत नाही.

त्याने कागद दोनदा वाचला. "बरं," म्हणाला आणि पुन्हा बांधाकडे गेला.