शटरखाली ठेवलेला डबा

शटरचं काम संपलं की उद्धवराव स्वतःचा जेवणाचा डबा काढतात. स्टीलचा, दोन खणांचा, झाकणावर सावित्रीबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नाव कोरलेला. बटण दाबतात, शटर अर्ध्यावर आलं की वाकून डबा हळूच त्याच्या खाली सरकवतात. शटर तिथल्या तिथे थांबतं आणि परत वर जातं. डबा तसाच उचलून ते पिशवीत टाकतात. एकदा मी विचारलं होतं, लाकडाचा ठोकळा का नाही वापरत? म्हणाले, "ठोकळा मोडला तर मला काय फरक पडतो, ताई? ह्यात मही भाकर आहे."

ते मूळचे गंगाखेडकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी चाकणला पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागले, काळेवाडीत खोली घेतली, ती अजून तीच आहे. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. आमच्या कॉलनीतल्या मुलांनी विचारलं की उंदराने नेली म्हणून सांगतात. प्रेस सुटल्यावर शटरचं काम शिकले. मोशीतल्या आमच्या रो-हाउसांची शटरं सहा वर्षं तेच बघत होते. बाजूच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसायच्या, ग्रीस भरायचं नाही कारण त्यात धूळ बसते, वीज गेली तर हाताने शटर उचलायची साखळी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवायचं. माझ्या सासूबाईंनाही त्यांनी ती साखळी दोनदा ओढायला लावली होती.

हे सगळं मी आज लिहिते आहे. तेव्हा मात्र मी त्यांच्याविषयी वेगळंच लिहिलं होतं.

आमच्या शटरच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून चार बोटं उंचीवर, एकमेकांकडे बघणारे दोन छोटे डोळे बसवलेले आहेत. एकातून न दिसणारा प्रकाश निघतो, दुसऱ्यावर पडतो. मध्ये काही आलं की शटर खाली येत नाही. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आहे. हे सगळं सासूबाईंना, आक्काबाईंना, मी मोठ्या हौसेने समजावून सांगितलं होतं. तेच अंगाशी आलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. पूर्वी नांगर आणि विहिरीवरचं इंजिन होतं, आता गाडी, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर. यंदा शटरही. मी मोटारीच्या खोक्याला हळदकुंकू लावत होते, तर आक्काबाई म्हणाल्या, "त्याला डोळं हायत म्हनत हुतीस न्हवं? मग त्या डोळ्यांस्नी लाव की." मी लावलं. ओल्या बोटाने, दोन्हींना, चांगलं ठसठशीत.

संध्याकाळी शटर खाली येईना. मला लगेच कळलं. फडकं घेऊन गेले तर आक्काबाई आडव्या आल्या. सणाचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं न्हाई, आपणहून जाईल तवा जाईल. नवरा, शेखर, सेकंड शिफ्टला. उद्धवरावांना फोन करायचा तर काय सांगणार, मी डोळ्यांत कुंकू घातलं? चारच दिवसांपूर्वी ते सर्व्हिसिंग करून गेले होते. मला त्यांना सांगायची लाज वाटली.

मग मी हुशारी केली. दोन्ही डोळे त्यांच्या खोबणीतून काढले, एका बाजूची तार भिंतीवरच्या पट्टीतून सोडवून ओढून घेतली, चपलांच्या कपाटामागे दोन्ही समोरासमोर धरून माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या, स्वरूपाच्या, केसांच्या गुलाबी रबराने बांधले. कुंकू सगळीकडे होतं, पण इतक्या जवळून त्याचं काही चालेना. डोळे एकमेकांनाच बघत राहिले आणि शटर सुरळीत खाली आलं. कुंकूही पुसलं नाही, सासूबाईही नाराज नाहीत. दोन दिवसांत लावू परत, असं ठरवलं आणि विसरून गेले.

आठव्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हॅनची वेळ झाली होती. मी आणि स्वरूपा बाहेर आलो आणि मी मागे न बघता रिमोट दाबला. ती पाण्याची बाटली आणायला परत आत पळाली आणि तशीच बाहेर येताना शटर तिच्या दप्तरावर आलं. ती हनुवटीवर आपटली. मी बटण दाबलं, शटर थांबलं, पुन्हा दाबलं तेव्हा वर गेलं. त्या दोन दाबांमधला वेळ मला अजून मोजता येत नाही. तीन टाके पडले. दप्तर पाठीवर नसतं तर काय, ते मी लिहीत नाही.

दवाखान्याच्या बाकावर आक्काबाईंनी विचारलं, असं कसं आलं गं खाली? मी म्हणाले, उद्धवराव नुकतेच बघून गेले होते, नीट बघितलं नसणार. तोंडातून आपोआप गेलं. एकदा गेल्यावर मी त्याला धरूनच बसले. दुपारी स्वरूपा झोपल्यावर कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की हा माणूस हलगर्जी आहे, मुलीच्या जिवावर बेतलं होतं, ह्यांना शटरला हात लावू देऊ नका. त्याच रविवारी कॉलनीच्या सगळ्या शटरांची वर्षभराची देखभाल कोणाकडे द्यायची ते ठरणार होतं. मला माहीत होतं. दर वर्षी ते नुसतं नावाला ठरायचं, काम उद्धवरावांचंच असायचं.

त्याच दिवशी संध्याकाळी उद्धवराव न बोलावता आले. आक्काबाईंनी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून त्यांना नको नको ते सुनावलं. ते खाली मान घालून ऐकत होते आणि शटरच्या बाजूच्या रिकाम्या खोबणींकडे बघत होते. मग तारेच्या मागोमाग कपाटापर्यंत गेले. आमच्याकडे पाठ करून बसले. रबर सोडवून त्यांनी माझ्या हातात दिलं, इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं, "पोरीचं आहे ना? ठेवा."

आणि ओलं फडकं मागितलं. आक्काबाई कुंकवावरून पुन्हा उसळल्या. "पुसत नाही, आई," ते म्हणाले. "त्याचं तोंड धुतो. कुंकू वर चौकटीला लावू, कपाळाला." डोळे बसवले, डबा ठेवून बघितला आणि निघून गेले. रबराचं कोणालाही सांगितलं नाही. रबर माझ्या मुठीत होतं. शेखर म्हणाला, बघ, आता गपचूप दुरुस्त करून गेला, म्हणजे चूक त्याचीच. मी हो म्हणाले.

रविवारी काम दुसऱ्याकडे गेलं. मी बैठकीला गेलेच नाही, स्वरूपाजवळ बसायचं कारण होतं. टाके निघाले तरी मला धीर झाला नाही. रोज वाटे, आज लिहीन. सगळ्या बायका काय म्हणतील, शिकलेली आई आणि पोरीच्या डोक्यावरचं शटर स्वतःच आंधळं करते? अकराव्या दिवशी स्वरूपा वेणी घालताना म्हणाली की मी परत पळाले म्हणून झालं ना आई, आता नाही पळणार. त्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. कुंकू, रबर, कपाट, सगळं. अध्यक्ष मारुतरावांचं उत्तर आलं की बरं झालं सांगितलंत, पण आता वर्षाचा करार झालाय. बाकीच्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

मग मी उद्धवरावांना फोन केला. माफी मागितली आणि विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? ते म्हणाले,

"प्रेसला दोन बटणं असतात, ताई. दोन्ही हात लागल्याशिवाय ती खाली येत नाही. एक बटण मी पाचर ठोकून दाबून ठेवलं होतं. माल लवकर निघायचा. बोटं गेली तेव्हा दवाखान्यात मी सांगितलं, मशीनच बिघडली. मशीन बघणारा मालोजी फिटर कामावरून गेला. खरं सांगायला गेलो तेव्हा तीन वर्षं झाली होती, तो गाव सोडून गेला होता. कुठं, कुणाला माहीत नव्हतं." मग म्हणाले, "तुम्ही अकरा दिवसांत लिहिलं. मी अजून इथंच आहे."

मला त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काल ते कॉलनीतल्या फक्त आमच्या घरी सर्व्हिसिंगला आले. स्वरूपा वरून खालीच येईना. दवाखान्यातलं माझं आणि पार्किंगमधलं आजीचं बोलणं तिने ऐकलेलं. मी तिला हाताला धरून आणलं आणि आक्काबाईंसमोर, उद्धवरावांसमोर सांगितलं की काकांनी काही केलं नव्हतं, आईने केलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मग तू त्यांना का रागावलीस?"

आक्काबाई उठून आत गेल्या. उद्धवराव डबा काढत होते, तेच बोलले, "आई घाबरली होती, बाळा."

तेवढ्यावर भागलं असतं. मी खाली वाकून तिला सांगितलं, घाबरले होते, पण शटरला नाही. लोकांना. तिला किती कळलं कोण जाणे. तिने हनुवटीवरच्या व्रणाला हात लावला आणि शटरकडे बघत राहिली. उद्धवराव म्हणाले, ताई, दाबा बटण. मी दाबलं. शटर खाली यायला लागलं आणि त्यांनी सावित्रीबाईंच्या नावाचा डबा आत सरकवला.