शून्य फरकाचा बॉयलर

पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलचे शेठ एका सेमिनारहून परतले ते गॅप ॲनालिसिस घेऊनच. सोबत सल्लागार साहेबही आले. त्यांनी प्रत्येक खात्याला एक कागद दिला. तीन रकाने: आज कुठे आहोत, कुठे पोहोचायचं आहे, मधला फरक किती.

पद्धत वाईट नव्हती. मला तर ती आजही उपयोगाची वाटते. फक्त पहिल्या रकान्यात खरं लिहावं लागतं, आणि तिथेच आमचं घोडं पेंड खात होतं. फरक दाखवला तर आपल्यावरच शेकेल, म्हणून सगळ्यांनी पहिल्या रकान्यातलंच दुसऱ्यात उतरवलं. प्रिंटिंगवाल्यांनी तर ध्येय आजच्यापेक्षा खाली ठेवलं आणि स्वतःच्याच पुढे निघून गेले.

बॉयलरचं खातं माझ्याकडे. बॉयलरवाला माझ्याच गावचा, धुळ्याकडून मीच आणलेला. त्याला लिहिता येत नसे; त्याचे घरचे अर्जही मीच लिहून द्यायचो. तो म्हणाला, वाफेचा मोठा व्हॉल्व्ह गळतो, तो गळू नये, एवढंच लिही. त्याच्या मनगटावर भाजल्याचे दोन डाग होते. मी मान डोलावली आणि लिहिलं, फरक शून्य. दर महिन्याच्या तपासणीवर 'ठीक' म्हणून सही माझीच होती, दुसरं काय लिहिणार? भित्रा होतो मी.

साहेबांना तो कागद इतका आवडला की बॉयलरखाना आदर्श खातं ठरला. भर दुपारी सगळी मिल तिथे जमली. बॉयलरवाल्याला शाल, मला नारळ. मागे व्हॉल्व्ह फुसफुसत होता. साहेबांच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसत पुसत ते म्हणाले, ही या खात्याची ऊर्जा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बॉयलरवाल्याला वाटलं, आता व्हॉल्व्ह बदलणार. त्याने वाकून मला विचारलं, "भाऊ, मी सांगं ते लिखं ना?"

"नही लिखं."

अंगावरची शाल काढून त्याने हाताला गुंडाळली आणि व्हॉल्व्हचं तापलेलं चाक आवळायला गेला. साहेबांनी त्याचाही फोटो काढून घेतला. मला लाज वाटली. तिथेच सगळ्यांसमोर मी शेठना सांगितलं की व्हॉल्व्ह दोन वर्षं गळतोय आणि ते मला ठाऊक होतं. शेठ खूप बोलले.

व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात बदलला. बॉयलरवाला भेटला की अजून चहा पाजतो. घरचे अर्ज मात्र तो आता दुसऱ्याकडून लिहून घेतो.